खोडांच्या वाळवंटात

पहिला दिवस : टुमामॉकची टेकडी

पहाटे साडेपाचला टुमामॉकच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळेना. ऑगस्टमध्ये टूसॉनला चालायचं तर हीच वेळ. आठ वाजले की ऊन चटके देतं आणि दुपारी पारा चाळिशीला टेकतो. दादा नोकरीनिमित्त इथं असतो. "निवडुंगच बघायचेत ना, मग पावसातच ये," असा त्याचा आग्रह होता, आणि तो बरोबर होता. ॲरिझोनाच्या या दक्षिण भागात वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. त्यातला निम्मा जुलै ते सप्टेंबरात पडतो, उरलेला थंडीत. वर्षातून दोनदा पाऊस मिळत असल्यामुळे सोनोरन वाळवंटात झाडी एवढी दाट, की वाळवंट म्हणताना जीभ अडखळावी.

टेकडीवर जाणारा डांबरी रस्ता अडीच किलोमीटरचा. धावणारे, बाबागाडी ढकलणारे, सगळे वर निघालेले. आम्ही तिघंच दर दहा पावलांवर थांबणारे. दोन्ही बाजूंना सवारो, म्हणजे इथले खांबासारखे उंच निवडुंग, उभे. कुठे तीन पुरुष उंचीचे, कुठे त्याहून मोठे, काहींना हात फुटलेले, काही नुसतेच सोट.

"आत्या, याची पानं कुठायत?" भाचीने पहिल्या पाच मिनिटांतच नेमका प्रश्न विचारला.

मी शाळेत वर्षानुवर्षं 'खोडाचं रूपांतर' शिकवलं. फळ्यावर तीन रकाने आखायचे : वनस्पती, प्रकार, कार्य. बटाटा, कंद, अन्नसाठा. द्राक्ष, तणावा, आधार. बोगनवेल, काटा, संरक्षण. एका खोडाला एक काम. मुलांना पाठ करायला सोपं, मला तपासायला सोपं. सवारोपुढे हा तक्ता उभाच राहत नाही. पानांनी काम सोडल्यावर ती सगळी कामं एकट्या खोडाच्या अंगावर पडली आहेत : पाणी साठवायचं, उन्हात अन्न तयार करायचं, टनावारी वजन पेलायचं, टोकाला फुलंही धरायची. आणि प्रत्येक कामाची काहीतरी किंमत मोजावी लागते. तो किमतीचा रकाना आमच्या तक्त्यात कधीच नव्हता.

सवारोच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या घड्या असतात. पाऊस झाला की मुळं पाणी ओढतात आणि पेटीचा भाता उघडावा तशा घड्या उघडतात. कोरड्या दिवसांत त्याच घड्या मिटतात. फुगताना आणि आक्रसताना साल कुठेही फाटत नाही. टेकडीच्या मध्यावर काळ्या दगडाच्या जुन्या इमारती आहेत. ही १९०३ साली कार्नेगी इन्स्टिट्यूशनने उभारलेली वाळवंट प्रयोगशाळा, आता ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे. इथंच एफी स्पॉल्डिंग या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी सवारोचं हे फुगणं-आक्रसणं मोजलं आणि १९०५ साली प्रसिद्ध केलं. त्यांचे पती व्होल्नी स्पॉल्डिंग यांनी १९०६ पासून टेकडीवर नोंदींसाठी आखलेल्या जागांमध्ये आजही झाडांची मोजणी चालू आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ तेच तुकडे, तीच झाडं. सवारोसारख्या सावकाश जगणाऱ्या झाडाचा अभ्यास करायचा तर माणसांना पिढ्याच बदलाव्या लागणार.

सावकाश म्हणजे किती? पहिल्या आठ वर्षांत बी रुजून आलेलं रोप तीन-चार सेंटिमीटर वाढतं. पहिलं फूल साधारण पस्तिशीत, हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षं. आयुष्य दीडशे वर्षांच्या पुढे. पाणी पिऊन टंच झालेल्या मोठ्या झाडाचं वजन दोन टनांपर्यंत जातं, आणि त्यात बहुतांश पाणीच. बहुतेक मुळं मात्र जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर खोल, पण झाडाच्या उंचीइतकी चौफेर पसरलेली. वरवरचा पाऊसही टिपून घ्यायचा असल्यामुळे त्यांना खोल जायची घाई नाही.

एक मेलेला सवारो रस्त्याच्या कडेला आडवा होता. मांस गळून गेलेलं आणि आत उभ्या लाकडी काठ्यांची गोल जुडी. बाहेरचा गर पाणी धरतो, वजन या काठ्या पेलतात. काठ्यांच्या मधोमध बुटासारखी दिसणारी एक कडक पोकळ वस्तू अडकलेली. सुतार पक्ष्याने भोक पाडलं की पाणी वाहून जाऊ नये म्हणून झाड त्या पोकळीभोवती लाकडासारखं कठीण अस्तर धरतं. झाड मेलं, कुजलं, तरी अस्तर शिल्लक. भाचीने फोटो काढले. उचलायला अर्थातच मनाई आहे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला एका सवारोजवळ वाकून बघायला सांगितलं. रस्त्यालगतच्या झाडाच्या घडीच्या धारेवर ओळीने करड्या मखमली ठिपक्या, आणि प्रत्येक ठिपकीतून काट्यांचा पुंजका. यातला प्रत्येक काटा म्हणजे बदललेलं पान. आणि ती मखमली ठिपकी म्हणजे वाढ थांबवून बसलेली एक अख्खी फांदी, म्हणजे पानाच्या बगलेतला डोळा. फूल येतं ते तिथूनच, नवा हातही तिथूनच. ऊस, बटाटा, निवडुंग, काहीही असो, खोड ओळखायचं तर पेर कुठे आहे आणि डोळा कुठे आहे ते शोधायचं. आकार बघून ठरवायला गेलं की फसगत होते.

दुसरा दिवस : चोया

टूसॉनच्या पश्चिमेला आणि पूर्वेला सवारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत, मधे शहर. १९३३ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेली जागा १९९४ साली नॅशनल पार्क झाली. आम्ही पश्चिमेकडच्या भागात गेलो आणि तिथून जवळच्या ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये. नाव म्युझियम असलं तरी बराचसा भाग उघड्यावर आहे, आणि झाडांना पाट्या आहेत. शिकवणाऱ्याला पाट्या लावलेली झाडं फार आवडतात.

दिवसाचा खरा मानकरी चोया, सांध्यांनी जोडलेल्या कांड्यांचा निवडुंग. लांबून टेडी बेअर चोया लोकरीसारखा मऊ दिसतो, सूर्य मागे असला की सोनेरी कडा चमकते. जवळ गेलं की कळतं की ती लोकर म्हणजे काट्यांवरची कागदासारखी पातळ म्यानं. काट्याच्या टोकाला उलटे, सूक्ष्म दातेरी खवले असतात. आत जातो सहज, बाहेर येताना मांस धरून येतो. वहिनीच्या बुटाला एक कांडं चिकटलं. ते हाताने काढायचं नसतं. इथले लोक पिशवीत कंगवा ठेवतात. दात कांड्याखाली घालून एक हिसका द्यायचा. कांडं उडून मीटरभर लांब पडलं.

"बघ, याला म्हणूनच उडी मारणारा चोया म्हणतात," दादा म्हणाला. चोया उडी मारत नाही. सांधा इतका ठिसूळ, की नुसता कपडा घासला तरी निखळतो, आणि आपल्याला वाटतं त्यानेच झेप घेतली.

ठिसूळ सांधा हा या झाडाचा दोष नाही, तोच त्याचा पसरण्याचा मार्ग आहे. पडलेलं कांडं मातीला टेकलं की मुळं फुटतात. टेडी बेअर चोयाची बरीचशी झाडं त्रिगुणित असतात, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, त्यामुळे सकस बी क्वचितच धरतं. एखाद्या उतारावर दाटीने उभं असलेलं चोयाचं रान म्हणजे पुष्कळदा एकाच झाडाच्या तुटलेल्या कांड्यांचा पसारा. जनावरांच्या अंगाला चिकटून कांडी दूर जातात. वुडरॅट नावाचा उंदीर ती ओढून नेऊन बिळाच्या तोंडावर रचतो. काट्यांची तटबंदी त्याला फुकट मिळते आणि चोयाला नवी जागा.

त्याचाच भाऊबंद साखळी-फळांचा चोया त्याहून चक्रम. त्याला फळं धरतात ती गळत नाहीत. पुढच्या वर्षी त्या फळावरच फूल येतं आणि फळाच्या टोकाला फळ लटकतं. काही वर्षांनी अशा हिरव्या फळांच्या लांब माळा लोंबायला लागतात. फळावर फूल कसं येईल? येतं, कारण निवडुंगाच्या फळाची बाहेरची भिंत हीच मुळात खोडाची असते. फुलाचा अंडाशय खोडाच्या टोकात बुडालेला असतो. म्हणून फळावरही तेच मखमली ठिपके, तेच डोळे. यातली पुष्कळशी फळं वांझ. जमिनीवर पडली की कांड्यासारखीच रुजतात. माझ्या जुन्या तक्त्यात हे फळ कुठल्या रकान्यात टाकलं असतं कोण जाणे.

शेजारीच फड्या निवडुंगाच्या जाती. हा आपल्या ओळखीचा, बांधावर दिसतो म्हणून पुष्कळांना तो आपलाच वाटतो, पण त्याचं मूळ घर अमेरिका. आपल्याकडचे शेर आणि त्रिधारी वेगळ्या कुळातले. त्यांना कापलं की चीक येतो, याला नाही. दोन खंडांत, दोन कुळांनी, कोरड्या हवेवर एकाच तऱ्हेचा उपाय काढला : पानं टाका, खोड हिरवं आणि मांसल करा.

फड्याचं चपटं फड हे पान समजणारे पुष्कळ भेटतात. फडावर फड येतो, फडाच्या कडेला फूल येतं, फळ धरतं, हे एवढं लक्षात घेतलं तरी शंका मिटायला हरकत नाही. खरी पानं कोवळ्या फडावर असतात, तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार, हिरवी. थोड्याच दिवसांत गळून जातात. बाकी राहतात मोठे काटे आणि त्यांच्या तळाशी सोनेरी कुसळं. मोठा काटा दिसतो तरी. कुसळ दिसत नाही आणि दोन दिवस बोटात राहतं.

एका फडावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली. भाचीने काडीने ती दाबली आणि काडी लालभडक झाली. बुरशी नव्हेच, ती कोचिनील कीड. तिच्यापासून निघणाऱ्या किरमिजी रंगावर स्पेनने मेक्सिकोतून शेकडो वर्षं बक्कळ पैसा केला. तो रंग आपल्या हाती यावा म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासकडे फड्या निवडुंग लावून हाच उद्योग करून पाहिला होता.

म्युझियममध्ये पिंपासारखे फेरोकॅक्टसही होते, बरेचसे दक्षिणेकडे कललेले. उन्हाची बाजू सावकाश वाढते, सावलीची भरभर, म्हणून झाड उन्हाकडे झुकतं. वाट चुकलेल्याने पिंप कापून पाणी प्यावं, ही सिनेमातली सोय. आतला रस ऑक्झॅलिक आम्लाने भरलेला आणि ओशट; पिणाऱ्याला उलट्या होऊन असलेलं पाणीही जायचं. साठवलेलं पाणी दुसऱ्याला सहज मिळू न देणं, हेही खोडाचंच काम.

तिसरा दिवस : हिरवी साल

पूर्वेकडच्या पार्कात, कोरड्या ओढ्याकाठाने चाललो. इथल्या झाडांकडे बघायला निवडुंगांइतकी गर्दी होत नाही. मला मात्र तीच अधिक विचार करायला लावणारी वाटली.

पालो वेर्दे हे ॲरिझोनाचं राज्यवृक्ष. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवं. नखाने अगदी हलकं खरवडलं तरी हिरवा थर लागतो. पानं बारीक, कोरड्यात गळून जातात, आणि मग महिनोन्‌महिने सालच प्रकाशसंश्लेषण करते. याची किंमत? इतर झाडं जाड, मेलेल्या बुचाची साल पांघरून घेतात. हिरव्या सालीत ऊन पोचायला हवं असल्यामुळे पालो वेर्देला तसं जाड पांघरूण परवडत नाही. साल पातळच राहते. दुष्काळ फारच लांबला तर हे झाड काही फांद्या सरळ वाळू देतं आणि उरलेलं जगवतं. याच्या टेकडीवरच्या जातीत प्रत्येक डहाळीचं टोक काट्यात संपतं. हा काटा म्हणजे खोडच, वाढ थांबवून टोकदार झालेलं. सवारोचं बी बहुधा याच झाडाच्या सावलीत रुजतं. पुढे सवारो मोठा होऊन पालो वेर्देच्या वाटचं पाणी घेतो आणि कधी कधी पालो वेर्दे मरतं.

जवळच ग्रेथॉर्नचं झुडूप, बोराच्या कुळातलं. त्याच्याही डहाळ्या काट्यात संपतात. आपल्या बोरीचा काटा वेगळा. तो पानाच्या देठाशी जोडीने येतो, म्हणजे उपपर्णाचा, देठाच्या बुडाशी येणाऱ्या इवल्या पानवजा अवयवाचा. एकाच कुळात काटा एकदा खोडापासून, एकदा उपपर्णापासून. ओकोटीयो या काटेरी झुडपाने तिसराच मार्ग काढलाय. त्याच्या लांब छडीवर पहिलं पान येतं, त्याचा देठ कडक होऊन छडीला चिकटून राहतो आणि पातं गळतं. राहतो तो काटा. पुढच्या प्रत्येक पावसाला त्या काट्याच्या बगलेतून पानांचा झुबका फुटतो. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले की वाळकी छडी हिरवीगार, कोरड पडली की पुन्हा नागडी, असं वर्षातून अनेकदा. आम्ही गेलो तेव्हा छड्या पानांनी मढलेल्या होत्या. पानं नसतानाही करड्या सालीतल्या हिरव्या पट्ट्यांमधून थोडंफार काम चालूच असतं. इथले लोक छड्या ओळीने पुरून कुंपण करतात आणि कुंपणाला पालवी फुटते.

ओढ्यात एफेड्राही सापडला. हिरव्या, बारीक, सांध्यांच्या काड्यांची जुडी. भाचीच्या हातात भिंग दिलं. सांध्यावर दोन-तीन तपकिरी खवले, बस्स, तेवढीच पानं. दुपारी अडीचला वीज कडाडली आणि आम्ही गाडीकडे पळालो. अर्ध्या तासात कोरड्या ओढ्यात गढूळ पाणी वाहताना बघितलं.

चौथा दिवस : द्राक्ष आणि पाणकणीस

सबिनो कॅन्यनमध्ये वाहतं पाणी आहे, म्हणून तिथलं रान निराळं. सिकॅमोर, कॉटनवुड, आणि त्यांच्यावर चढलेली रानद्राक्षाची वेल. इथं साठवणुकीचा प्रश्नच नाही. पाणी आहे, कमी आहे तो प्रकाश. वेलीचं खोड बारीक आणि लांब, स्वतःचं वजन पेलण्यात ते काही खर्च करत नाही. झाडाने लाकूड घालून मिळवलेली उंची ती तणाव्यांच्या जोरावर मिळवते.

द्राक्षाचा तणावा पानाच्या समोर येतो, बगलेत नाही. हा विद्यार्थ्यांना हमखास अडवणारा प्रश्न. द्राक्षात तणावा आणि फुलांचा घोस हे एकाच अवयवाचे दोन अवतार आहेत. डार्विनने १८६५ साली वेलींवर लिहिताना द्राक्षाच्या तणाव्यापासून घोसापर्यंतच्या मधल्या पायऱ्या दाखवल्या होत्या. आम्हालाही एक मधली पायरी सापडली : तणाव्याचं एक बोट काडीला विळखा घालून बसलेलं, आणि दुसऱ्या बोटावर हिरव्या मण्याएवढी तीन द्राक्षं. दादाने ते दहा मिनिटं न्याहाळलं, आणि त्याला झाडांचं काडीचंही वेड नाही. तणाव्याचा विळखा बघताना मधे एक जागा येते, जिथे गुंडाळी दिशा बदलते. दोन्ही टोकं पक्की असताना स्प्रिंग वळवायची तर एका बाजूला उजवा पीळ आणि दुसऱ्या बाजूला डावा, याला पर्याय नसतो.

संध्याकाळी स्वीटवॉटर वेटलँड्स. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी या तळ्यांत सोडतात. कडेने पाणकणसाची भिंत. वर दिसतात ती पानं आणि कणसं. खोड चिखलात आडवं सरपटतं. पेरागणिक मुळं, पेरागणिक नवा कोंब, आत पिष्टाचा साठा. चिखलात हवा नसते, म्हणून पानांपासून आडव्या खोडापर्यंत हवेच्या पोकळ्यांची सलग वाट असते. डासांची पैदास आटोक्यात ठेवायला इथं पाणकणीस ठरवून जाळतात. वरचं राख होतं आणि थोड्याच आठवड्यांत चिखलातल्या डोळ्यांमधून पुन्हा हिरवं उभं राहतं.

पाचवा दिवस : माउंट लेमन

कॅटलिना हायवे पायथ्यापासून समरहेवनपर्यंत साधारण ४३ किलोमीटर. खाली सवारो, वर पाइन आणि फर. माउंट लेमनचं शिखर २,७९१ मीटरवर आहे. सुमारे १,२०० मीटरच्या आसपास सवारो संपतो, आणि जवळपास एखाद्या वळणावरच संपल्यासारखा वाटतो. पाण्याने भरलेलं खोड गोठलं की पेशी फुटतात. रात्रीची थंडी दिवसाच्या उन्हात भरून निघते, पण दिवसरात्र सलग पारा गोठणबिंदूखाली राहिला तर सवारो तग धरत नाही. खाली जो साठा जीव वाचवतो, तोच इथं जीव घेतो.

उष्णतेलाही त्याच्याकडे उत्तर मर्यादितच आहे. निवडुंग रंध्रं रात्री उघडतात, रात्री कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून त्यातून साखर करतात. म्हणून असल्या वनस्पती पहाटे आंबट असतात. आंबटपणाचा हा फेर बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात असताना पानफुटीची पानं चावून ओळखला, आणि ते १८१५ साली छापून आलं. रात्र थंड असेल तरच हा बेत जमतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला, रात्रीही उतरेना, आणि मोठे सवारो हात गाळून कोसळायला लागले.

रस्त्यात मधल्या उंचीवर घायपाताच्या जाती. त्यांचं खोड दिसतच नाही, पानांच्या गुच्छात आखूड, जाडजूड गड्ड्यासारखं लपलेलं. अनेक वर्षं साखर साठवून एकदाच फुलांचा दांडा वर फेकतं आणि तो गुच्छ मरतो. मागे राहतात जमिनीखालच्या धावत्या फुटव्यांवर वाढलेली पिल्लं. शिंडॅगर नावाच्या बुटक्या जातीने पूर्ण उतार व्यापलेले दिसतात.

समरहेवनजवळ हवा एकदम गार, वहिनीने शाल काढली. २००३ च्या ॲस्पेन वणव्यात हे गाव जवळपास जळून गेलं, तीनशेहून अधिक इमारती गेल्या. २०२० च्या बिगहॉर्न वणव्यात पुन्हा डोंगर पेटला. आजही करडी, उभी मढी दिसतात, पण खाली जमीन हिरवी आहे. कमरेएवढा नेचा, ब्रॅकन नावाचा, रांगाच्या रांगा. त्याचं खोड जमिनीत खोल, आडवं, काळपट. आग वरून निघून जाते, तिथवर धग पोचत नाही. गँबेल ओकचंही तेच. ओक म्हटलं की जाड बुंधा डोळ्यांपुढे येतो, पण या ओकला जमिनीखाली आडवी खोडं आणि गाठी असतात. वरचं झाड जळालं की त्यांच्यावरचे निद्रिस्त डोळे जागे होतात आणि एका झाडाच्या जागी झुडपांची दाटी होते.

ॲस्पेनच्या पांढऱ्या बुंध्यांचाही एक पट्टा लागला. तोही वणव्यानंतरच फोफावलेला, पण फसवा. ॲस्पेनचे फुटवे मुळांवरून येतात, खोडावरून नव्हे. मुळाला पेरं नसतात, त्यामुळे कोंबांना ठरलेली जागा नाही, सापडेल तिथून उगवतात. एका उकरलेल्या चरात आम्ही शेजारी शेजारी दोन्ही बघितलं. ब्रॅकनच्या आडव्या दांड्यावर आलटून पालटून पानांच्या जागा ठरलेल्या, आणि हातभर अंतरावर ॲस्पेनचं गुळगुळीत मूळ, त्यावर वाटेल तिथे कोंब. भाची म्हणाली, "म्हणजे रताळं मूळ आणि बटाटा खोड, असंच ना?"

अगदी तसंच. बटाट्यावरच्या डोळ्याला भुवई असते, ती म्हणजे गळून गेलेल्या खवलेवजा पानाची खूण, आणि डोळे सर्पिल वाटेने मांडलेले असतात. रताळ्यावर असा हिशेब लागत नाही. कांदा मात्र दोघांच्या पंगतीत बसत नाही, कारण त्यातलं खोड म्हणजे बुडाशी असलेली, मुळं फुटणारी चकती. बाकी सगळी पानं. याच राज्याच्या डोंगरांत रानबटाट्याच्या दोन जाती आहेत. त्यातल्या एका जातीच्या गोटीएवढ्या कंदाचं पिष्ट शेजारच्या युटा राज्यातल्या एका निवाऱ्यात, दळण्याच्या दगडांवर सापडलं, आणि ते १०,९०० वर्षांपूर्वीपासूनचं निघालं.

सहावा दिवस : ऑर्गन पाइप आणि परतीची सकाळ

पश्चिमेला सीमेलगत ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट, टूसॉनहून अडीच-तीन तासांवर. हे निवडुंग सवारोसारखं एका खोडावर जोर देत नाही, जमिनीपासूनच वीस-पंचवीस हात सोडतं. त्याला थंडी सवारोहून कमी सोसते, म्हणून अमेरिकेच्या बाजूला ते बहुतेक याच कोपऱ्यात, दक्षिणेकडे तोंड केलेल्या दगडी उतारांवर. तापलेला दगड रात्री ऊब देतो. रस्ता पावसाने बंद होता, आम्ही पायवाटेवरूनच एक चक्कर मारून परतलो. तेवढ्या रस्त्यासाठी मला तो दिवस जरा महाग वाटला.

दुसऱ्या दिवशी विमानापूर्वी तासभर हातात होता, तो शहराच्या उत्तरेकडच्या टोहोनो चुल बागेत घालवला. इथं रातराणी निवडुंग आहे, पेनिओसेरियस. पाटी नसती तर समोर उभं राहूनही दिसलं नसतं. पेन्सिलएवढ्या जाडीची, करडी, वाळल्यासारखी काडी, क्रिओसोटच्या झुडपात घुसवलेली. चार-पाच बारीक कडा, त्यावर कुसळाएवढे काटे. सवारोने जे खोडात साठवलं, ते याने जमिनीखाली, सलगमासारख्या फुगलेल्या मुळात नेलं आहे. कित्येक किलोचं मूळ. त्यावर ना पेरं ना डोळ्यांच्या रांगा, कारण ते खोड नाहीच. वरच्या काडीला उरलेलं काम एवढंच : थोडंसं अन्न करायचं, कुणाच्या नजरेत भरायचं नाही, आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री पांढरं मोठं फूल धरायचं. फुलं जूनमध्येच होऊन गेली होती. एका काडीच्या टोकाला लाल फळ होतं, आणि भाचीने सांगण्याआधीच वाकून त्यावरचे ठिपके शोधले.